अलास्काहून आरव्हीने (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने) घरी परतताना: दोघंच असाल तर अलास्का हायवे कसा आखायचा

अलास्काला जायचं प्लॅनिंग लोक वर्ष-वर्ष करतात आणि परतीचं काय विचारलं तर म्हणतात, आलो तसं जाऊ की. मला हे अजिबात पटत नाही. रिटायर्ड जोडप्यासाठी परतीचा प्रवासच जास्त नीट आखायला लागतो, कारण तोपर्यंत अंग थकलेलं असतं, टायर झिजलेले असतात, ऑगस्ट संपत आला की दिवस भराभर लहान होतात, आणि मनाने आपण आधीच घरी पोचलेलो असतो त्यामुळे रोज अजून थोडं, अजून थोडं करत गाडी हाकली जाते. आम्ही दोघं साठी ओलांडलेले, हे आणि मी दोघंही गाडी चालवतो, आणि सगळं करून माझं ठाम मत झालंय की हा रस्ता दोघांपैकी जो जास्त लवकर थकतो त्याच्या हिशोबाने आखायचा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी अंतराचा अंदाज घ्या. अलास्कातल्या टोक (Tok) नावाच्या गावापासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपर्यंत दोन हजार किलोमीटरच्या थोडं वर होतं, आणि ही सगळी वाट बहुतेक दोन लेनची. १९४२ मध्ये अमेरिकन आर्मीने युद्धाच्या घाईत हा रस्ता काढला, डॉसन क्रीकला शून्य मैल आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला शेवट. आज तो जवळजवळ पूर्ण पक्का आहे पण दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे काम चालू असतं आणि तिथे काही किलोमीटर खडी लागतेच. आपण तो उलटा करतोय, उत्तरेकडून खाली.

कधी निघायचं

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास टोक सोडा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉसन क्रीकला आरामात पोचता. डास कमी झालेले असतात, पानं पिवळी व्हायला लागलेली असतात, आणि रात्री खरा अंधार पडायला लागल्यामुळे आकाश स्वच्छ असेल तर नॉर्दर्न लाइट्स दिसू शकतात, जे जून-जुलैमध्ये गेलेल्यांना दिसतच नाहीत. सप्टेंबर पुढे सरकला की डोंगरातल्या घाटात बर्फ पडू शकतो, छोटे कॅम्पग्राऊंड आणि रस्त्यावरचे लॉज एकेक करून बंद व्हायला लागतात. उशीर करू नका.

अलास्कात असतानाच उरकायची कामं

टायर सगळ्यात आधी. टायरच्या बाजूला डॉट कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे कुठला आठवडा आणि कुठलं वर्ष. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर खाचा शिल्लक दिसल्या तरी फेअरबँक्स किंवा अँकरेजलाच बदलून घ्या. मोठ्या क्लास ए (बससारख्या) मोटरहोममध्ये बऱ्याचदा स्पेअर टायरच नसतो, हे अनेकांना माहीतच नसतं, तेव्हा निदान न चढवलेला टायर तरी बरोबर ठेवा, कारण टायर बसवून देणारा माणूस भेटतो पण तुमच्या साइझचा टायर त्याच्याकडे असेलच असं नाही. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, प्रेशर बघायचं. रोज.

मग औषधं. प्लॅनपेक्षा निदान दोन आठवड्यांची जास्त, आणि सगळी ओरिजिनल बाटल्यांत, लेबलवर तुमचं नाव असलेली. अमेरिकन डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन कॅनडातल्या फार्मसीत सहसा तसंच चालत नाही. इन्शुलिन असेल तर फ्रिज सांभाळा, प्रोपेनवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी उभी असली की नीट थंड करत नाही, म्हणून पार्क केल्यावर लेव्हल करणं, म्हणजे गाडी सपाट उभी करणं, हे पहिलं काम, चहा नंतर.

मेडिकेअरचं तर मी दहा वेळा सांगीन. अमेरिकेबाहेर मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा अमेरिकन सरकारी आरोग्य विमा) साधारणपणे पैसे देत नाही, पण नेमका आपल्याच रस्त्यासाठी एक अपवाद आहे: अलास्का आणि दुसऱ्या अमेरिकन राज्याच्या मध्ये, सगळ्यात थेट रस्त्याने, विनाकारण न रेंगाळता कॅनडातून जात असताना इमर्जन्सी आली आणि इलाज करू शकणारं कॅनेडियन हॉस्पिटल अमेरिकन हॉस्पिटलपेक्षा जवळ असेल तर ते कव्हर होऊ शकतं. ऐकायला छान वाटतं पण "थेट" आणि "विनाकारण न रेंगाळता" या अटी वाचा, तुम्ही डॉसन सिटीला (हे युकॉन या कॅनडाच्या प्रांतातलं वेगळं गाव, डॉसन क्रीक नव्हे) वळसा घालून चार दिवस तिथे राहिलात की वाद घालत बसायला लागेल. मेडिगॅपच्या, म्हणजे मेडिकेअरला जोडून घ्यायच्या खाजगी विम्याच्या, सी, डी, एफ, जी, एम, एन या प्लॅनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीचा काही भाग मिळतो, २५० डॉलर डिडक्टिबलनंतर (ते आपण भरायचे) ८० टक्के, ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांतच आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरची मर्यादा. या वयात एअर अँब्युलन्स लागली तर हे पुरणार नाही, तेव्हा एव्हॅक्युएशन असलेला ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स वेगळा घ्याच.

गाडीच्या इन्शुरन्स कंपनीकडून कॅनडासाठीचं नॉन-रेसिडेंट लायबिलिटी कार्ड, म्हणजे कॅनडात दाखवायचा इन्शुरन्सचा पुरावा, मागून घ्या, फोन केला की पाठवतात. रोडसाइड असिस्टन्समध्ये टोइंग किती मैलांपर्यंत आहे आणि तुमच्या लांबी-वजनाच्या गाडीला लागू आहे का, हे पण त्याच दिवशी विचारून टाका.

आणि शेवटचं, जे जोडपी टाळतात. दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे. हायवेवर दोन तास सरळ चालवणं पुरेसं नाही, रिव्हर्स घेणं, उतारावर गिअर उतरवणं, प्रोपेनचा मेन व्हॉल्व्ह बंद करणं, जॅक आणि स्लाइड (गाडीची बाहेर सरकणारी खोली) आत घेणं हे सगळं दोघांच्या हाताखालून गेलेलं पाहिजे. आपल्याकडच्या बायका बऱ्याचदा म्हणतात की हे चालवतात, मी मॅप बघते. मैत्रिणींनो, यांच्या छातीत दुखायला लागलं आणि पुढचं हॉस्पिटल २०० किलोमीटरवर असलं तर गाडी तुम्हालाच चालवायची आहे. एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दोन सकाळी प्रॅक्टिस करा, भांडण झालं तरी चालेल.

बॉर्डर

टोकपासून बॉर्डर साधारण १५० किलोमीटर. अमेरिकेचं ठाणं बॉर्डरवरच आहे, कॅनडाचं मात्र बरंच पुढे, बीव्हर क्रीक गावाच्या जरा अलीकडे, त्यामुळे मधले तीसेक किलोमीटर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं, घाबरू नका. दोन्ही चोवीस तास उघडी असतात. डॉसन सिटीकडे जाणाऱ्या टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे या दुसऱ्या रस्त्यावरची बॉर्डर मात्र फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दिवसा उघडी असते, आणि तो रस्ता कच्चा, मोठी आरव्ही असेल तर परतीला मी तो सुचवणार नाही. बॉर्डर ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करा.

अमेरिकन सिटिझन असाल तर पासपोर्ट. ग्रीन कार्ड असेल तर व्हॅलिड ग्रीन कार्ड आणि व्हॅलिड भारतीय पासपोर्ट दोन्ही, वेगळा व्हिसा लागत नाही. पण तुमच्याबरोबर भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले दीर-जाऊ किंवा भाऊ-वहिनी असतील तर त्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधीच काढलेला लागतो, आणि अमेरिकेत परत शिरायचंय म्हणून त्यांच्या अमेरिकन व्हिसाची एंट्री शिल्लक आहे ना हेही बघा. टोकला पोचून हे लक्षात आलं तर त्यांना विमानाने पाठवण्यावाचून मार्ग नाही.

सामानाचं: अस्वलासाठीचा बेअर स्प्रे, लेबलवर तसं लिहिलेला, चालतो, माणसांसाठीचा पेपर स्प्रे चालत नाही. कुठल्याही प्रकारचं कॅनाबिस, गमी असो की तेल, दोन्हीकडे कायदेशीर असलं तरी बॉर्डर ओलांडून न्यायचं नाही. पिस्तूल आणूच नका. दारू दर माणशी वाइन दीड लिटर किंवा हार्ड लिकर १.१४ लिटर किंवा बिअर साडेआठ लिटर, यातलं एकच. कुत्रा असेल तर रेबीजचं सर्टिफिकेट. सरपणाची लाकडं बॉर्डरच्या अलीकडेच संपवा.

परतीच्या प्रवासाची एक खास गोष्ट म्हणजे अलास्कात केलेली खरेदी. वॉलरसच्या दाताची किंवा व्हेलच्या हाडाची कलाकुसर तुम्ही अगदी कायदेशीर दुकानातून घेतलेली असेल, तरी ती कॅनडातून न्यायला वेगळं परमिट लागतं, म्हणून अशी वस्तू अलास्कातूनच पोस्टाने घरी पाठवा. स्वतः पकडलेला सामन मासा फ्रीझरमध्ये असेल तर फिशिंग लायसन्स आणि पॅकिंगवाल्याची पावती हाताशी ठेवा. आणि विचारतील ते सरळ सांगा, गव्हापासून मसाल्यापर्यंत सगळं. डिक्लेअर केलेली गोष्ट फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड.

बीव्हर क्रीक ते क्लुएन लेक: इथे घाई नाही

पूर्ण हायवेवरचा सगळ्यात त्रासाचा तुकडा हाच. खाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. काळा रस्ता ऊन शोषतो, खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते, मग थंडीत पाणी गोठून परत वर फुगते, आणि पक्का रस्ता लाटांसारखा होतो. याला फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात. लांबून रस्ता सपाट दिसतो आणि एकदम गाडीचं मागचं टोक उडतं, कपाटातली भांडी खाली, ट्रेलरचा हिच (गाडीला जोडायचा आकडा) जमिनीला घासतो. रस्त्याच्या कडेला छोटे झेंडे लावलेले दिसतील, ते याचसाठी, झेंडा दिसला की पाय ब्रेकवर. बाकी ठिकाणी ८० ने जात असाल तर इथे ५०-६०, आणि मागे रांग लागली तर पुलआउट (कडेला थांबायची जागा) बघून बाजूला घ्या, लोकांना जाऊ द्या. त्या दिवशी कमोडची टाकी आणि ग्रे टँक (सांडपाण्याची टाकी) रिकामे असलेले बरे, वजन कमी राहतं. कपाटांना बंजी कॉर्ड लावा. मागच्या बेडरूममध्ये कोणी झोपायचं नाही, कंबर जाईल.

म्हणून माझा प्लॅन असा: पहिल्या दिवशी टोक ते बीव्हर क्रीक, फक्त १८० किलोमीटर, कस्टम्स उरकून तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या अंगाने बीव्हर क्रीक ते हेन्स जंक्शन, साधारण ३०० किलोमीटर पण पूर्ण दिवस धरा. ज्यांना जमणार नाही त्यांनी क्लुएन लेकच्या काठी थांबावं, युकॉनमधला हा सगळ्यात मोठा तलाव, आणि पाण्याचा निळा रंग बघून दिवसभराचे हादरे विसरायला होतात. तलावाच्या दक्षिण टोकाला जोराच्या वाऱ्यात धुळीचे लोट उठतात. कास्कावुल्श ग्लेशियर मागे सरकल्यामुळे २०१६ मध्ये वितळलेल्या पाण्याने आपली वाटच बदलली, तलावाला मिळणारी स्लिम्स नदी जवळजवळ आटली आणि तिचं पात्र उघडं पडलं, ती ही धूळ. दम्याचा त्रास असेल तर खिडक्या बंद आणि एसी आतल्या हवेवर ठेवा. या डोंगरांच्या मागे, रस्त्यावरून न दिसणारा, कॅनडातला सर्वात उंच ५,९५९ मीटरचा माउंट लोगन आहे.

डिझेल, पाणी, पैसे, फोन

टाकी अर्धी झाली की भरायची, भाव बघायचा नाही. पुढचा पंप मॅपवर दिसतो म्हणून चालू असेलच असं नाही, या रस्त्यावरचे कितीतरी जुने लॉज बंद पडलेत. भाव लिटरमध्ये लिहिलेला असतो, गॅलनचा हिशोब करायचा तर ३.७८ ने गुणा आणि मग कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरमध्ये धरा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण थोडे कॅनेडियन डॉलर रोख ठेवा, सुट्ट्या नोटा, कारण युकॉन सरकारच्या कॅम्पग्राऊंडवर पाकिटात पैसे भरून पेटीत टाकायची पद्धत आहे. या कॅम्पग्राऊंडवर वीज नाही, साधे पिट टॉयलेट, पण सरपण फुकट आणि जागा इतक्या सुंदर की मी हुकअप (वीज-पाणी-ड्रेनची जोडणी) असलेल्या आरव्ही पार्कपेक्षा याच पसंत करते. दोन-तीन रात्री इथे, मग एक रात्र वीज-पाणी-ड्रेन असलेल्या ठिकाणी, असा क्रम बरा पडतो. डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेला, तिकडे सॅनी-डंप म्हणतात.

फोन गावाबाहेर पडला की बंद. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, आणि सॅटेलाइटवरून मेसेज जाईल असं काहीतरी, गार्मिनचं इनरीच म्हणा किंवा सॅटेलाइट एसओएस असलेला नवीन फोन, बरोबर असायलाच हवं. रोज संध्याकाळी मुलांना मेसेज: कुठे आहोत, उद्या कुठे जाणार. मुलं काळजी करतात म्हणून तर आहेच, पण शोध घ्यायची वेळ आली तर कुठून सुरुवात करायची हे कोणाला तरी माहीत असलं पाहिजे.

रोज सकाळी निघायच्या आधी वायफायवर रस्त्याची स्थिती बघा, अलास्का ५११, ५११ युकॉन आणि खाली आल्यावर ड्राइव्ह बीसी. वणवे ही या भागात आता दर उन्हाळ्याची गोष्ट झालीये, मे २०२४ मध्ये अख्खं फोर्ट नेल्सन गाव रिकामं करायला लागलं होतं. रस्ता बंद असेल तर मागच्या गावात थांबायचं, दुसरी वाट बहुतेक ठिकाणी नाहीच. म्हणूनच घरी पोचायची तारीख कोणाला पक्की सांगू नका, बारसं-मुंज-लग्न काही असेल तर आठवडाभर मोकळा ठेवा.

व्हाइटहॉर्स

हेन्स जंक्शनपासून दीडशे किलोमीटर. इथे निदान दोन रात्री थांबा, शक्यतो तीन. ही युकॉनची राजधानी, मोठं हॉस्पिटल, फार्मसी, लाँड्री, टायरवाले, मेकॅनिक, सुपरमार्केट सगळं आहे, आणि यानंतर असं शहर फोर्ट सेंट जॉनपर्यंत नाही. फ्रॉस्ट हीव्हने काय काय सैल झालंय ते इथे तपासून घ्या: गाडीखालचे बोल्ट, ट्रेलरचं सस्पेन्शन, छताचे सांधे, प्रोपेनचे जोड साबणाच्या पाण्याने. एक दिवस गाडीला द्या, एक दिवस स्वतःला. नदीकाठी एस.एस. क्लोंडाइक ही जुनी वाफेवरची बोट आहे, संध्याकाळी तिथपर्यंत चालत जा, इतके दिवस बसून पाय आखडलेले असतात.

वॉटसन लेक आणि एक निर्णय

व्हाइटहॉर्स ते वॉटसन लेक ४४० किलोमीटर, एका दिवसात करू नका, मध्ये टेस्लिनला मुक्काम करा. एकूणच रोज ३०० किलोमीटर आणि दुपारी तीनच्या आत थांबणं, हा नियम आमच्याकडे कडक आहे. तीनला थांबलं की चांगली जागा मिळते, उजेडात लेव्हल करता येतं, निवांत खिचडी टाकता येते आणि संधिप्रकाशात रस्त्यावर येणाऱ्या जनावरांची भीती राहत नाही.

वॉटसन लेकच्या वीसेक किलोमीटर आधी कासियार हायवे, ३७ नंबर, दक्षिणेला फुटतो. सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडे घर असेल तर तो जवळ पडतो आणि देखणाही आहे. पण अरुंद, बऱ्याच ठिकाणी शोल्डर (कडेची मोकळी पट्टी) नाही, पंप आणि गावं अजून विरळ. दोघंही ठणठणीत असाल, गाडी लहान असेल तर खुशाल जा. हार्टचा, शुगरचा त्रास असेल तर मुख्य हायवेवरच राहा असं मी म्हणेन, कारण तिथे वॉटसन लेक, फोर्ट नेल्सन, फोर्ट सेंट जॉन, डॉसन क्रीक अशी हॉस्पिटलं ओळीने आहेत. ही यादी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

वॉटसन लेकचं साइन पोस्ट फॉरेस्ट बघाच. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या घरची आठवण येणाऱ्या सैनिकाने आपल्या गावाची पाटी इथे ठोकली आणि तेव्हापासून लोक आपापल्या गावाच्या पाट्या लावतायत, हजारोंनी. आपल्या गावाची पाटी देवनागरीत करून न्या, जागा मिळते.

लिअर्ड ते फोर्ट नेल्सन

वॉटसन लेकहून लिअर्ड हॉट स्प्रिंग्ज २१० किलोमीटर. या पट्ट्यात रस्त्यावर वुड बायसन असतात, कळपच्या कळप, मोठा नर हजार किलोपर्यंत. दुपारी बघायला मजा येते, अंधारात मात्र काळा प्राणी काळ्या रस्त्यावर दिसतच नाही, म्हणून इथे रात्री गाडी चालवायचीच नाही. फोटोसाठी खाली उतरायचं नाही, हॉर्न मारत बसायचं नाही, हळूच थांबून वाट बघायची.

गरम पाण्याचं कुंड अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात मोठं सुख आहे. लाकडी पायवाटेने काही मिनिटं चालत जायचं, पाणी ४२ ते ५२ अंश, उगमाकडे जास्त गरम. बीपीची गोळी चालू असेल तर थंड टोकाला, दहा मिनिटं, मग बाहेर येऊन बसायचं, पाणी प्यायचं, आणि उठताना कठडा धरून. उन्हाळ्यात जागा आधी बुक करा. ही अस्वलांची वस्ती आहे, बेअर स्प्रे बाथरोबच्या खिशात ठेवा, रात्री बाहेर खाण्याचं काही ठेवू नका, तेलाची कढईसुद्धा.

पुढे लिअर्डचा १९४३ चा झुलता पूल, मंचो लेक, आणि मग चढण समिट पासला, १,२९५ मीटर, हायवेवरचा सगळ्यात उंच बिंदू. उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका, टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीची गिअरची सेटिंग) चालू, खालचा गिअर, मध्येमध्ये घट्ट ब्रेक मारून सोडायचा. वास आला तर थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या. तिथून फोर्ट नेल्सन, मग ३८० किलोमीटर फोर्ट सेंट जॉन, हा तुकडा दोन दिवसांत करा. इथे तेल-गॅसवाल्यांचे अवजड ट्रक भरपूर, त्यांना पुढे जाऊ द्या. फोर्ट सेंट जॉनच्या खाली टेलर गावाजवळ पीस नदीच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना उतार-चढ जबरदस्त आहेत.

डॉसन क्रीकनंतर

शून्य मैलाचा खांब इथे आहे, फोटो काढा. इथून घर मिडवेस्ट किंवा ईस्टला असेल तर एडमंटन, कॅल्गरी करून कूट्सला मोंटानात शिरा, ते ठाणंही चोवीस तास उघडं असतं. वेस्ट कोस्टला असेल तर प्रिन्स जॉर्जवरून खाली. बॉर्डरच्या आदल्या रात्री ताजी फळं, भाज्या, मांस संपवा.

घरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात गाडी खालून प्रेशर वॉशने नीट धुवून घ्या. खडीच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते चॅसीला आणि ब्रेक लाइनला चिकटून राहतं आणि गंजवतं. रेडिएटरमधले किडे, फिल्टर, काचेचे तडे त्याच फेरीत बघून घ्या, आणि व्हील बेअरिंगना परत ग्रीस घालेपर्यंत गाडी पुढच्या ट्रिपला काढू नका.